खराट्यावरचा आळ

“सून मिळाली मुकी, आता निदान कुत्रं तरी भुंकणारं बघा” — हे वाक्य आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं. माझ्यासमोर नाही हो म्हणाल्या, तशा नाहीत त्या — मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, दोन चादरींच्या मागे, आणि त्या आत बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगत होत्या. चादरीमागे माणूस असू शकतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी असते हे तर चादर नसतानाही येत नाही, पण ते असो. तुम्ही विचारलंत ना, कुत्रा आणायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं — तर ते असं आलं. हसा की, हसा. मलाही हसूच आलं होतं. तोंडात दोन चिमटे धरले होते म्हणून बाहेर पडलं नाही, इतकंच.

बसा ना ताई, अशा खुर्चीच्या टोकावर नका बसू, घरचे यायला अजून वेळ आहे. पाचला येते म्हणालात आणि सव्वाचारलाच आलात — नाही नाही, बरं झालं, उलट बरंच झालं. आई, बाबा आणि आमचा हा, तिघंही रोपवाटिकेत गेलेत. तुम्ही येण्याआधी परतू म्हणाले. येतीलच. आणि आले की तुमच्या प्राणिसंस्थेच्या परतीच्या फॉर्मवर सही करतील आणि तुम्ही याला घेऊन जाल. तयारी करून ठेवलीय मी. हा त्याचा पट्टा, हा वाडगा, ही त्याची गोधडी — धुतलेली नाही मुद्दाम, वास राहू दे म्हटलं. नव्या जागी जरा ओळखीचं काहीतरी. आणि हे महाशय बघा, आपलं सामान बांधलेलं दिसतंय तरी सोफ्याखाली तंगड्या वर करून पसरलेत. खराट्या, अरे पाहुण्या आल्यात! ...उठत नाही. तुमच्या कागदावर ‘टेरियर जातीचा, लहान, नर, वय अंदाजे चार’ असं काय काय लिहिलंय, पण पहिल्या दिवशी बाबांनी दारातच बघितलं आणि म्हणाले, हा कुत्रा कुठाय, हा तर खराटा आहे. झालं. तेच नाव.

आणि काय गंमत बघा, भुंकणारं आणा म्हणून आणलं, तर हा भुंकतच नाही. तुम्ही सांगितलंत तेव्हा — की पहिल्या घरून ‘फार भुंकतो’ म्हणून परत आला होता — तेव्हा तर आई खूश झाल्या होत्या, म्हणाल्या हाच द्या. पण तो धडा शिकून आला असणार. आता फक्त शिंकतो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की एक शिंक, बाबांची किल्ली वाजली की दुसरी. बाबा म्हणाले, वा, दोघांची जोडी छान जमली. दोघांची म्हणजे याची आणि माझी. तेही माझ्यासमोर नव्हते म्हणाले. मी भाजी आणायला निघाले होते आणि पिशवी विसरले म्हणून परत आले होते, एवढंच.

नाही, त्यासाठी नाही परत पाठवत. भुंकत नाही म्हणून कुणी कुत्रा परत करतं का? तशी माणसं नाहीत ही. चांगली आहेत हो. आई मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डच्या मुख्य परिचारिका होत्या — तीसेक वर्षं. अजूनही त्या खोलीत आल्या की आपण जरा ताठ बसतो, उशी सारखी करतो. बाबांनी गाडी शिकवण्यात हयात घालवली, त्यामुळे समोरचा बोलायला लागला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो — बघा तुम्ही, आले की बघा, सतरंजी तिथे झिजलीय. आणि हा, माझा नवरा, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांना विचारतो — आता हे बरं दिसतं की हे? पहिलं की दुसरं? — घरी येईपर्यंत त्याचे सगळे प्रश्न संपलेले असतात. मग मला कुणी काही विचारलं की उत्तर तोच देतो. ‘तिला चालेल.’ ‘तिला आवडतं ते.’ प्रेमानंच. मला बोलायचा त्रास नको म्हणून.

परत करायचं कारण वेगळं आहे. ते बघा, तुमच्या मागे. कोपऱ्यात. ते झाड — म्हणजे आता काठी आणि तीन पानं उरलीत, पण झाडच ते. रबराचं झाड. आईंच्या वॉर्डात खिडकीपाशी होतं, अकरा वर्षं. निवृत्त झाल्या त्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी त्याला लाल फीत बांधून त्यांच्या हातात दिलं. चौथ्या मजल्यापर्यंत त्यांनी ते स्वतः उचलून आणलं, लिफ्ट बंद होती म्हणे, आणि बाबांना हात लावू दिला नाही. त्या म्हणतात, माझ्याबरोबर इतकी माणसं बरी होऊन घरी जाताना कुणी पाहिली असतील तर त्यानं. मी लग्न होऊन आले तेव्हा चोवीस पानं होती. मी लॅबमध्ये काम करते ना, सकाळच्या पाळीला, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या — मोजायची खोड लागलीय. चोवीस होती. खराटा आला त्या दिवशी अकरा. आज तीन.

म्हणजे तो यायच्या आधीच तेरा गळाली होती, बरोबर. बरोब्बर पकडलंत तुम्ही. हे घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कारण काय झालं — पहिल्याच दिवशी, दारातून आत आला तसा हा सरळ कुंडीशी गेला आणि पाय वर केला. एकदाच. सगळ्यांच्या देखत. मग पुढचे बारा दिवस तिथे त्यानं एक थेंब टाकलेला नाही, मी सांगते ना, पण एकदा नाव झालं की झालं. त्यात हा रोज कुंडीपाशी जाणार, नाक खुपसणार, माती उकरणार. आई म्हणाल्या, बघा, खुणा बुजवतोय. बाबांनी फोनवर वाचलं की कुत्र्याच्या मुतानं मुळं जळतात. आमचा हा म्हणाला, मग तर पक्कंच. आणि काल त्यातलं वॉर्डातल्या दिवसांपासूनचं, सगळ्यात खालचं पान गळलं. आईंनी ते उचललं, पुसलं, आणि काही न बोलता आत जाऊन पलंगावर बसल्या. ताई, त्या काही न बोलता बसल्या. घराला सवय नाही हो त्याची. मग बाबांनीच तुम्हाला फोन केला.

आज ते पान आणि डबीभर माती घेऊन गेलेत रोपवाटिकेत. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला, आईंच्या भाषेत.

चहा घ्या ना, निवतोय तुमचा. चांगला झालाय? आईंनीच केलाय, निघण्यापूर्वी. मला रोज चार वाजता त्या स्वतःच्या हातानं चहा देतात — मी लॅबमधून दमून येते म्हणून. हा मोठा कप, दुधाचा, साखर घालून. आज बाहेर जायचं होतं तरी माझा कप भरून, बशी झाकून ठेवून गेल्या. म्हटलं तुमच्यासाठी त्यातलाच काढते, थोडा माझ्यासाठी... बोलता बोलता विसरलेच मी, माझा तसाच राहिला की — तर मी काय सांगत होते, हां, तो फॉर्म. त्यात ‘परत करण्याचे कारण’ असा रकाना आहे ना, त्यात तुम्ही नक्की काय —

काय झालं? अशा काय बघताय?

...हं. हे. कुंडीवर वाकवलेला कप.

अरे खराट्या, नाही! हट्! बाजूला हो! — कसा बाणासारखा आला बघा. मघाशी हाक मारून उठत नव्हता. सोड, सोड ते. चहा त्याला चालत नाही, माहितीय मला, तुमच्या माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर लिहिलंय, या घरात ते सगळं फक्त मी वाचलंय. म्हणून तर मातीवर हे गोटे रचले मी. तर हा रोज गोटे उपसतो. आणि मग आई म्हणतात, बघा, खुणा बुजवतोय.

तुम्ही पाहिलंत ना. आता पाहिलंतच. आणि गंमत कळली का तुम्हाला — घरात कुणी नाही, स्वयंपाकघर रिकामं, सिंक मोकळं, हवं तर पिंपभर चहा ओतावा, आणि हात बघा कसा आपला आपण कुंडीकडे गेला. सात महिन्यांची सवय.

मला चहा आवडत नाही. नुसता आवडत नाही असं नाही, पोटात ढवळतं. लहानपणापासून. आमच्याकडे, माहेरी, कुणी देतच नसत मला. आणि लग्नाआधी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा आईंनी विचारलं, चहा घेतेस ना गं? मी तोंड उघडलं — खरंच उघडलं होतं, अगदी ‘न’ जिभेवर होता — तेवढ्यात हा म्हणाला, घेते की! का म्हणाला, विचाराल तर त्यालाही ठाऊक नसेल. मला ताण येऊ नये म्हणून म्हणाला असेल. आणि आईंचा चेहरा असा खुलला, म्हणाल्या, चला, या घरात मला एक चहाची सोबत मिळाली — कारण बाबा कॉफीवाले आणि हा कपाळकरंटा दूध पितो, बत्तिसाव्या वर्षी. आता त्या चेहऱ्याला ‘नाही’ कोण म्हणणार? तुम्ही म्हणाल का? नाही, तुम्ही म्हणाल म्हणा, तुम्ही लोकांना ‘तुम्हाला कुत्रा देणार नाही’ असं तोंडावर सांगता, मला माहितीय.

कसं असतं, पहिल्या दिवशी सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी दोन लागली असती. महिन्यानं परिच्छेद. आता सात महिन्यांनी भाषणच करावं लागेल, आणि मी शाळेत भाषणाच्या दिवशी ताप काढायचे. पहिले काही दिवस प्यायले मी, नाक दाबून. मग एकदा गॅलरीतून खाली ओतला — तर खालच्या मजल्यावरच्यांचे पांढरे शर्ट वाळत होते. तीन शर्ट. त्या बाई वर आल्या, आईंशी भांडल्या, आईंनी माझी बाजू घेतली, म्हणाल्या माझी सून एक थेंब सांडत नाही. सिंकपाशी तर त्या स्वतः उभ्या असतात. आणि कप घेऊन बाथरूममध्ये कोण जातं? मग उरली ही कुंडी. मला वाटलं, एक दिवस. उद्या सांगू. आणि त्याच रात्री आई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या — मी ताटं पुसत होते — ‘माझ्या हातचा चहा तिला इतका आवडतो, कप असा चाटूनपुसून परत येतो. बोलत नाही गं काही, पण त्या कपावरून कळतं मला.’

त्या कपावरून कळतं मला. सांगा आता.

मग मुंग्या आल्या. कुंडीत साखर, मुंग्या येणारच. आई चक्रावल्या, झाडाला मुंग्या कशा? बाबांनी औषधाची पूड आणली. मग पानं पिवळी पडली, तर आईंनी खत घातलं, कुंडी उन्हात हलवली, सावलीत हलवली, रोज सकाळी पानाखाली बोट लावून बघायच्या, जसं काही ताप मोजतायत. मी बाजूला उभी. हातात फडकं. आणि चार वाजले की पुन्हा कप. तुम्ही म्हणाल, अगं मग तेव्हा तरी थांबायचंस — हो, थांबायचं होतं. पण झाड मरायला लागलं तेव्हा सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या, की चहाही नको होता आणि झाडही मीच मारतेय. एक पचलं नसतं तिथे दोन.

आणि मग हा आला, गोटे उपसणारा. आणि सगळा आळ गेला याच्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि खरं सांगू? — नका लिहू हां हे, पेन खाली ठेवा — पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. वाटलं, सुटले. असं वाटलं मला. एवढ्याशा जिवावर ढकलून.

याच्याशी मी बोलते, माहितीय? दुपारी. तासभर. इथे खाली बसून. सगळं सांगते, लॅबमधलं, माहेरचं, आईंनी कशाला काय म्हटलं ते, आणि हा एक कान वर, एक कान खाली करून ऐकतो. सात महिन्यांत मी या घरात जितकं बोलले नसेन तितकं याच्याशी तेरा दिवसांत बोलले. आणि याला हे सगळं माहीत होतं, ताई. रोज चार वाजता हा बघत होता मी काय करते ते. रोज माझ्या मागोमाग कुंडीपाशी येऊन सगळ्यांना दाखवत होता — हे बघा, इथे, इथे उकरा, इथे आहे! आणि लोकांनी त्यालाच धरलं.

तर मला तुम्हाला विचारायचं होतं ते हेच. त्या रकान्यात तुम्ही काय लिहिणार? ...‘घरात घाण करतो.’ ...आणि ‘झाडांचं नुकसान.’ हं. आणि ते पुढच्या घराला वाचायला मिळतं. म्हणजे आधीचं ‘फार भुंकतो’, मग ते दुसरं — काय होतं ते, ‘घर बदललं’ — आणि हे तिसरं. आणि तीन झाले की? ...सांगा ना. ...‘फक्त अनुभवी घरांसाठी.’ म्हणजे कोण? ...किती वर्षांपासून कुणी विचारलं नाही त्यांना, त्या यादीतल्या कुत्र्यांना? ...हं. तुमच्याच घरी आहेत तसले दोन? आणि आता जागा नाही. नाही, बरोबर आहे, तुम्ही तरी कुठे कुठे ठेवणार. तुमचीही नोकरी, संसार.

नाही, आधी माझं ऐका. तुम्ही मला म्हणू शकता की मग मी लिहिते, ‘कारण नाही’, आणि गुपचूप घेऊन जाते — म्हणू नका. तुमच्या चेहऱ्यावर आलंय ते. दया आली ना माझी? नको. या घरात सगळे माझ्यावर दयाच करतात, माझ्या वतीनं ‘हो’ म्हणतात, माझ्या वतीनं ‘चालेल’ म्हणतात, आणि बघा त्यात काय काय मेलं. झाड मेलं. खालच्यांचे तीन शर्ट. आता याचं नाव खराब व्हायचं राहिलंय. आणि तुमच्या त्या पहिल्या फॉर्मवर एक ओळ होती, आठवते? ‘घरातील प्रत्येक सदस्याची संमती आहे का?’ त्यापुढे चार सह्या आहेत. चौथी माझी नाही. बघा काढून. ते अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे — मी लॅबमध्ये होते, म्हणाला, तिची मी करतो, तिला चालेल. म्हणजे तुमच्या नियमानं याला परत पाठवायलाही माझी सही लागेल की नाही? लागेल ना? ...लागेल. छान. ती तो नाही करणार. पेन माझ्याकडे द्या. नाही, सही नाही करत, नुसतं हातात धरते. काहीतरी हातात हवं.

पाणी देऊ तुम्हाला? मला हवंय खरं तर. अहो, मोजलंत का, पाऊण तास मी एकटीच बोलतेय. आईंनी ऐकलं असतं तर नाडी बघितली असती माझी. आणि तुम्ही एकदाही मधे तोडलं नाहीत, अशी माणसं—

शिंकला. ऐकलंत? लिफ्ट.

आले. बरं, तुम्ही काही बोलू नका हं. बसून राहा. फॉर्म तिथेच राहू दे टेबलावर. रिकामा. गोधडी — गोधडी इकडे द्या, ती पिशवीतनं काढते मी आधी. ये रे. ये इकडे, माझ्या पायाशी. त्या रोपवाटिकेवाल्यानं काय सांगितलं असेल कुणास ठाऊक, सांगितलंही असेल, मातीला दुधाचा वास येतोय म्हणून. येऊ दे. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी उघडणार.

दुसरी शिंक. किल्ली.

या. आई, चपला नंतर काढा, इथे बसा. हो, ताई लवकर आल्यात, त्यांचं चहापाणी झालंय. बाबा, तुम्हीही बसा — आणि पाय ब्रेकवरून काढा, मी आज थांबणार नाहीये. नाही, तू नाही, तू गप्प. माझ्या वतीनं काही बोलायचं नाही. आई, ते पान द्या माझ्याकडे. ते झाड खराट्यानं नाही मारलं. मी मारलं, रोज चार वाजता, एक एक कप करून. खराटा कुठेही जाणार नाही, माझी सही नाहीये त्याला. आणि आई — मला चहा आवडत नाही. तुमच्यासोबत बसायला आवडतं.